चिंचपाडा बंद

घरामागून गाडी जायला लागली की मास्तर उभे राहायचे. तोंडात घास असो की गालाला साबण, हातातलं खाली ठेवून उभे, मान किंचित तिरकी, ओठ हलतायत. मी नवीन असताना एकदा म्हणून गेले, गेली गाडी, बसा आता, भाकरी गार होते. ते बसले नाहीत. रुळांचा आवाज पार विरेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "आते गई. पुरी गई."

लहान लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. शेवटचा डबा आणि त्याच्या पाठीवरची फुली दिसल्याशिवाय गाडी गेली असं म्हणायचं नाही, कारण मागे एखादा डबा तुटून राहिला तर पुढची गाडी त्याच्यावर येणार. ही सवय त्यांनी घरी आणली आणि सगळ्याला लावली. मला ताप आला तर तिसऱ्या दिवशी विचारायचे, पुरी गई का? पाहुणे उठून गेले तरी तेच. मी तशी आधीच घाबरट. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे चार वेळा बघणारी. त्या घरात गेल्यावर माझ्या घाबरटपणाला नियम मिळाले. याबद्दल मी त्यांची किती ऋणी आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मी मूळची देवगडच्या बाजूची. सातवीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती, त्यात बाबा अंथरुणाला खिळले, आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. बाबांचं करता करता आजारी माणसाचं करायला शिकले होते, म्हणून पुढे पुण्यातल्या एका ब्युरोने घरोघरी पाठवायला घेतलं. पहिल्या घरून परत आले, कारण पोरगी हसत नाही म्हणे. दुसऱ्या घरून परत आले, कारण दुपारी डोळा लागला. ब्युरोच्या मॅडमनी सांगितलं, तिसऱ्यांदा परत आलीस तर नाव काढून टाकीन. घरी धाकटा भाऊ शिकत होता, माझ्या जिवावर. तिसरं घर म्हणजे नंदुरबार. नकाशात बघितलं तर माझं गाव एका टोकाला आणि हे दुसऱ्या.

मला आणलं होतं ते आक्कांसाठी. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं होतं. तेव्हापासून त्या भावाजवळ, आणि भावाने स्वतः लग्न केलंच नाही. घरात आम्ही तिघं. चौथी केबिन.

जिन्याखाली एक काळा डबा होता. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून मास्तरांनी तो जुना कॉम्प्युटर उचलून आणला होता, आणि बडोद्याच्या भाच्याने फोनवर सांगत सांगत त्याचा घरचा सर्व्हर करून दिला होता. त्यालाच मास्तर केबिन म्हणायचे, स्टेशनाजवळ सिग्नल जिथून हलवतात तिच्यावरून. स्वयंपाकघरात, आक्कांच्या खोलीत आणि वर गच्चीवर वाटीएवढे गोल स्पीकर बसवले होते. त्यांच्यात बोलायचं, की केबिन ऐकायची आणि काम करायची. बाहेरच्या कुठल्या कंपनीचं ते काही नव्हतं. घरमा बोलेल घरमाच ऱ्हावाले पाहिजे, असं मास्तरांचं म्हणणं.

केबिनमध्ये जी जी कामं चालत, त्यांना त्यांनी स्टेशनांची नावं दिली होती. रनाळे म्हणजे गाणी आणि भजनं. नवापूर म्हणजे दारावरचा कॅमेरा. चिंचपाडा म्हणजे आक्कांच्या उशाशी लावलेला कान. आक्कांनी हाक मारली की तो ऐकायचा, आणि स्वयंपाकघरात, गच्चीवर आणि मास्तरांच्या खिशातल्या फोनमध्ये भोंगा वाजायचा. आक्कांचं जड बोलणं शेजाऱ्यांना कळत नसे, मलाही पहिले दोन आठवडे कळलं नाही, पण केबिनला कळायचं. मास्तरांनी त्यांच्या तोंडून एकेक शब्द पुन्हा पुन्हा वदवून तिला शिकवला होता. पाण्याच्या टाकीचं माप सांगणारं एक काम त्यांना कधीच जमलं नाही. त्याचं नाव त्यांनी धडगाव ठेवलं होतं. तिकडे रेल्वेच नाही, तर गाडी वेळेवर येईल कशी, म्हणायचे.

समोर शिवणकाम करणारे चाचा राहायचे. त्यांच्या पणजोबांपासून दुकान तिथेच. खिडकीतून मास्तरांचं "नवापूर चालू कर, रनाळे बंद कर" ऐकू आलं की ते मशीन थांबवून विचारायचे, मास्तर, आज कोनती गाडी लेट शे? मास्तर आतूनच सांगायचे, तुन्हा पायजमा लेट शे, तीन हप्ता व्हयनात.

पण नुसतं "बंद कर" म्हणून त्या घरात काही बंद होत नसे. दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर बोलताना नंबर देतात-घेतात, तो नंबर वहीत चढल्याशिवाय गाडी सुटत नाही, म्हणून केबिनलाही त्यांनी तेच लावलं होतं. तुम्ही म्हणायचं, रनाळे बंद कर. ती बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी म्हणायची, "रनाळे बंद करायचं आहे. नंबर चौदा." तुम्ही चौदा म्हणायचं, वहीत वेळ आणि नंबर लिहायचा, मग ते बंद. चालू करतानाही तसंच, नवा नंबर, तिच्या मनाला येईल तो.

आणि गोळा. मास्तर आणि आक्कांच्या लहानपणीचा एक पाळणा मोडला होता. त्याचे तीन लाकडी गोळे मास्तरांनी रंगवून खिळ्यांना टांगले होते. रनाळ्याचा हिरवा, नवापूरचा पिवळा, चिंचपाड्याचा लाल. जे स्टेशन बंद केलं त्याचा गोळा बंद करणाऱ्याने जवळ ठेवायचा, आणि परत चालू करेपर्यंत जेवायला बसायचं नाही. एकेरी लाइनीवर ड्रायव्हरला गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या स्वप्नात ड्रायव्हर यायचा.

सुरुवातीला केबिनला माझं बोलणं कळेना. मी म्हणायचे, ती म्हणायची, समजलं नाही, पुन्हा सांगा. माझे कान लाल व्हायचे. सातवीत फळ्यासमोर उभी आहे असं वाटायचं. मास्तर जवळ स्टूल घेऊन बसले आणि एकच वाक्य माझ्याकडून किती वेळा म्हणवून घेतलं त्याला गणती नाही. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, "तुले इकाडनी बोली नही येस, तिले तुन्ही नही येस. दोन्ही नवा शेत. शिका."

शिकलो. ती आधी शिकली, मग मी.

त्यांच्या काही सवयी मला कळत नसत. कॉम्प्युटरचा पडदा कायम भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला. चहा ओतताना कपात बोट बुडवायचे, ते मला घाण वाटायचं. घरातसुद्धा काळा चष्मा. जिना चढताना पुटपुटायचे, मला वाटायचं देवाचं नाव घेतात. आणि रोज संध्याकाळी माझ्याकडून वही मोठ्याने वाचून घ्यायचे. शाळा सुटेल शे, वाचन सुटाले नको, म्हणायचे. मला बरं वाटायचं. कोणी मला वाच म्हटल्याला वर्षं झाली होती. त्या वहीत माझं अक्षर सुधारलं. दहा वाजून पाच मिनिटे, चिंचपाडा बंद, असलं मी वाचत असे आणि ते मान हलवत असत, एखादी पोथी ऐकल्यासारखी.

चिंचपाडा रोज एकदा बंद व्हायचा, तो आक्कांच्या अंघोळीच्या वेळी. उघड्या अंगाने मशीनसमोर नको, असं त्यांनी खुणेने सांगितलं होतं आणि ते मला पटलं होतं. दहाच्या सुमाराला बंद, पुसून कपडे घातले की चालू. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता. मी लाल गोळा ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधायचे. काम करताना तो गुडघ्यावर आपटायचा, म्हणजे विसरायची सोय नव्हती.

त्या दिवशी मास्तर सुरतेला गेले, सकाळच्या पॅसेंजरने. डोळे दाखवायला जातो एवढंच म्हणाले. चाचा दुकान बंद ठेवून बरोबर का निघाले ते मी विचारलं नाही. निघताना मास्तरांनी वही माझ्या हातात दिली. "आज केबिन तुन्ही."

घर पहिल्यांदा एकटीवर. मी उगाच वरखाली करत होते. दोनदा कडी बघितली, तीनदा गॅस. दहा वाजता अंघोळीचं पाणी काढलं. चिंचपाडा बंद कर. नंबर सत्तावीस. सत्तावीस, म्हटलं, लिहिलं, गोळा बांधला. अंघोळ झाली, पावडर लावली, आक्कांना पलंगावर नीट बसवलं. मग त्यांच्या हाताचा व्यायाम. मालिशवाल्या डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला होता, तो उजव्या हातात धरून दाबायचा. त्यांची बोटं मिटायची नाहीत, पण प्रयत्न रोज करायचा. चेंडू सापडेना. कपाटाखाली गेला असावा. मी वाकून बघितलं, हात पोचेना. आक्का डाव्या हाताने उजवा पुढे धरून बसलेल्या.

मी ओढणीची गाठ सोडली आणि लाल गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. मापाने तेवढाच होता.

तेवढ्यात फोन वाजला. ब्युरोच्या मॅडम. खाली आवाज तुटत होता म्हणून मी गच्चीवर गेले. गुडघ्यावर काही आपटत नव्हतं. मॅडमनी विचारलं, सहा महिने झाले, कसं चाललंय, तक्रार वगैरे? मी म्हटलं, एकसुद्धा नाही मॅडम, इथे चूक होऊच शकत नाही, इथे सगळ्याला नियम आहेत. त्या म्हणाल्या, बघ, जमलं ना तुला. मग दुसरीकडच्या मुलींच्या कटकटी सांगत बसल्या, आणि मी ऐकत बसले, कारण इतक्या दिवसांत कोणी मला दुसऱ्यांच्या कटकटी सांगितल्या नव्हत्या. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या परतायला घेतल्या, सगळ्या, एकेक रांग. मधूनमधून भोंग्याकडे बघत होते. भोंगा गप्प होता, म्हणजे खाली सगळं ठीक होतं.

खाली आले तेव्हा आक्का फरशीवर होत्या, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये. तांब्या आडवा, पाणी त्यांच्या पातळाखाली गेलेलं. कपाळावर टेंगूळ. किती हाका मारल्या असतील कोणास ठाऊक. आवाज बसला होता. उजव्या हाताची बोटं लाल गोळ्याभोवती घट्ट मिटलेली होती, जी सहा महिन्यांत मिटली नव्हती.

मला स्पीकरसमोर जायचं सुचेना. आधी त्यांना उचललं. मग चिंचपाडा चालू कर म्हटलं तर माझा आवाज कापत होता, आणि ती म्हणाली, समजलं नाही, पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा समजलं. नंबर त्रेसष्ट. घड्याळात बारा वीस.

गल्लीतले डॉक्टर आले. हाड वाचलंय म्हणाले, नशीब. ते गेल्यावर आक्कांनी डाव्या हाताने माझी ओढणी ओढली आणि फार कष्टाने बोलल्या. "सांगू नको त्याले." मग थोडं थांबून, "परत धाडी दी."

परत पाठवणं म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुपारभर मी वही घेऊन बसले आणि उठले. जेवले नाही. सत्तावीसची ओळ लिहिलेली होती. तिच्याखाली त्रेसष्ट लिहायचं आणि पुढे वेळ. दहा वाजून पस्तीस लिहिलं तर? आक्का पाणी घेताना घसरल्या, मी शेजारीच होते, उचललं. आक्का हो म्हणणार होत्या. केबिन काल-परवाचं काही सांगत नसे, विचारलं तर आत्ता काय चालू काय बंद तेवढंच. मागचं सगळं वहीत. आणि वही माझ्या हातात. पेन टेकवलं की भावाचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, उचललं की आक्कांची मिटलेली बोटं. शेवटी मी त्रेसष्ट लिहून वेळ कोरी सोडली आणि जाऊन कपाटाखालून केरसुणीने तो रबराचा चेंडू ओढून काढला. कशासाठी काढला, सांगता येणार नाही.

मास्तर संध्याकाळच्या गाडीने आले. चाचांनी त्यांना हाताला धरून ओट्यावर चढवलं आणि दुकान न उघडताच समोर घरात गेले. मास्तर आक्कांच्या दारात थांबले, तिथूनच कशी शेस विचारलं. आक्का बरी म्हणाल्या. मग ते नेहमीच्या खुर्चीत बसले, चष्मा काढला नाही.

"वाच."

मी वाचायला लागले. सकाळचं रनाळे चालू, नवापूर चालू. मग म्हटलं, चिंचपाडा बंद, नंबर सत्तावीस, दहा वाजून पाच मिनिटे. पुढची ओळ त्रेसष्टची. वेळेची जागा कोरी होती. तिथे काहीही वाचता आलं असतं.

"चिंचपाडा चालू. नंबर त्रेसष्ट. बारा वाजून वीस मिनिटे."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. "दोन तास पंधरा मिन्टं. काय व्हयनं?"

मी सांगितलं. आक्का पडल्या, टेंगूळ आलंय, डॉक्टर येऊन गेले, हाड वाचलं. मी वर होते. बारा वाजून वीस अजून वहीत लिहिलेलं नाही, हेही सांगितलं.

"गोळा कोनाजोडे व्हता?"

"आक्कांकडे. मीच दिला, चेंडू सापडत नव्हता म्हणून."

आतून आक्कांचा जड आवाज आला. "मीच मांगा." धडधडीत खोटं, आणि इतक्या स्पष्टपणे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मास्तर उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि बहिणीच्या कपाळावरून बोटं फिरवली. टेंगूळ सापडल्यावर बोटं तिथेच थांबली. मी दारात. मनातल्या मनात पिशवी भरत होते. दोन ड्रेस, टॉवेल, चार्जर.

परत येऊन बसले आणि म्हणाले, "लिख. चालू, बारा वीस." लिहिलं. "त्याना खाले लिख. पोरना कपडाले खिसा नही. गोळा ठेवाले जागा नही. रूल करनारानी चूक." मी थांबले. "काबर थांबनी? रूल मन्हा शे. लिख."

लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"आनी एक लिख. डोया. बंद."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या थोडं डावीकडे. सुरतेच्या डॉक्टरने आता काही करण्यासारखं नाही असं सांगितलं होतं. उजवा आधीच गेला होता, आता डावाही. कपातलं बोट, पायऱ्यांची पुटपुट, झाकलेला पडदा, सगळं माझ्यासमोर एकदम येऊन उभं राहिलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, नंबर काय लिहू? ते म्हणाले, त्याला नंबर मिळत नाही. मग पुढे म्हणाले, "दोन महिना व्हयनात, मी वही देखेल नही. तू जे वाचस, तीच मन्ही वही."

मागून गाडी जायला लागली. ते उभे राहिले. मीही राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा माझे सगळे ड्रेस घेऊन गेले आणि दुपारपर्यंत प्रत्येकाला दोन-दोन खिसे लावून आणले, आत दुहेरी कापडाचे. मास्तरांचा पायजमा मात्र त्यानंतरही महिनाभर लेट होता.

मी तिथे पुढे दोन वर्षं राहिले. चूक पुन्हा झाली नाही असं म्हणणार नाही, पण जी झाली ती वहीत आहे. आक्का एका सकाळी चहाच्या वेळी गेल्या, शांतपणे, हाक न मारता. सगळं आवरल्यावर, माणसं पांगल्यावर मास्तर त्यांच्या उशाजवळच्या स्पीकरपाशी गेले आणि म्हणाले, "चिंचपाडा बंद कर." केबिनने नंबर दिला. त्यांनी तो परत म्हटला, मी लिहिला. मग त्यांनी चाचपडत लाल गोळा खिळ्यावरून काढला. मला वाटलं स्वतःजवळ ठेवतील. माझ्या हातात दिला.

महिन्याभरात बडोद्याचा भाचा त्यांना न्यायला आला. केबिन खोक्यात भरली, वर भरतकामाचं कापड. स्टेशनवर मी आणि चाचा गेलो. मास्तर डब्यात चढताना मला वही देऊन म्हणाले, वाचत जा. बाकी काही नाही. गाडी हलली तशी चाचा वळले, चल बेटा म्हणाले. मी थांबले. शेवटचा डबा, पाठीवरची पिवळी फुली, ती लहान होत होत दिसेनाशी झाली तेव्हा म्हटलं, पुरी गई. ऐकायला चाचाच होते. त्यांनी मान हलवली.

आता मी नाशिकला असते, एका आजोबांकडे. ब्युरोत माझं नाव अजून आहे. भावाला नोकरी लागली. नवा ड्रेस शिवायला टाकला की खिशाचं सांगावं लागतं, आणि टेलर दरवेळी विचारतो की ताई, एवढा मोठा कशाला. जेवायला ताट घेतलं की हात आपोआप खिशाकडे जातो. चिंचपाड्याचा लाल गोळा असतो. मी उठते, आजोबांना एकदा बघून येते, परत येते, पुन्हा उठते. घरचे म्हणतात, बस की गं जरा, जेवण गार होतंय. मी हो म्हणते. वहीत चिंचपाडा चालू झाल्याची ओळ नाही, तोपर्यंत कसं बसायचं, हे त्यांना कुठून सांगू. ओट्याला टेकून उभ्यानेच जेवते.